मूळ गाव कोणते?

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटते, वारा शिडात भरतो आणि जंजिऱ्याचे बुरूज पाण्यातून वर येत असल्यासारखे मोठे होत जातात. होडीतला वाटाड्या आपली नेहमीची गोष्ट सुरू करतो. हा किल्ला सिद्दींचा, सिद्दी आफ्रिकेतून आले, आणि एकदा किल्ला हाती आल्यावर त्यांनी तो शेवटपर्यंत कोणाला घेऊ दिला नाही. दिवाळीच्या सुटीत अशा होड्या कुटुंबांनी भरलेल्या असतात. तोफा किती, दरवाजा कोठे, गोड्या पाण्याचे तलाव किती खोल, असे प्रश्न मोठी माणसे विचारतात. एखादे आठ-दहा वर्षांचे मूल मात्र वेगळाच प्रश्न विचारते. सिद्दी आफ्रिकेतून आले, मग आपण कुठून आलो?

व्यापारी जैन घरात या प्रश्नाचे पहिले उत्तर सहसा तयार असते. ओसवाल आणि पोरवाल घराणी ओसियां, पाली, जालोर या बाजूस बोट दाखवितात. कच्छी आणि गुजराती कुटुंबांना आपले गाव, कुलदेवी आणि पाळियांची जागा ठाऊक असते. दक्षिण महाराष्ट्रातील चतुर्थ, पंचम, सैतवाल घराण्यांचे गाव पुष्कळदा आडनावातच असते. पणजोबा लोटा-दोरी घेऊन निघाले, अमुक गावी उतरले, तमुक शेठजींच्या पेढीवर दिवाणजी झाले, मग स्वतःची अडत घातली, ही कथा प्रत्येक घरात थोड्याफार फरकाने सांगितली जाते. भाटांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे असतात. स्थलांतर हा या समाजाला पुस्तकातून शिकावा लागणारा विषय नव्हे.

अडचण पुढे येते. मूल विचारते, "आणि त्याच्या आधी?" मारवाडात आपण कुठून आलो? तिथे येण्यापूर्वी कोण होतो? येथे बहुतेक घरांतले उत्तर संपते आणि मुलाला शेंगदाण्याची पुडी देऊन गप्प केले जाते. वास्तविक मुलाने योग्य जागी योग्य प्रश्न विचारलेला असतो. माणसाचे मूळ आणि माणसांच्या भ्रमंतीची कथा समजावून सांगण्यास मुरुडसारखे ठिकाण महाराष्ट्रात विरळाच.

ही कथा घरी सांगण्याची आवश्यकता अलीकडे वाढली आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात उत्क्रांती आणि मानवाची वाटचाल हे विषय आहेत. परंतु एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग २०२३ मध्ये वगळण्यात आला. समाजातील बरीच मुले आता केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांत शिकतात. त्यांतील अनेकांच्या कानी हा विषय पडेल तो मोबाइलवरच्या अर्धवट चित्रफितींतून, किंवा "माकडापासून माणूस झाला म्हणे" अशा थट्टेतून.

सुरुवात सिद्दींपासूनच करावी, कारण किल्ला समोर आहे. 'जंजिरा' हा शब्द बेट या अर्थाच्या अरबी 'जझीरा' शब्दावरून आला. सिद्दींपूर्वी या बेटावर कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता आणि राम पाटील त्यांचा मुखिया होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पीरमखान व्यापाऱ्याच्या वेषात आला, गलबतावर मद्याची पिंपे असल्याचे सांगून त्याने आसरा मागितला आणि पिंपांतून सैनिक बाहेर पडले, अशी कथा सांगतात. (व्यापाऱ्याच्या शब्दावर तेव्हा किती विश्वास होता, हे या कथेतून कळते, आणि तो कसा खर्ची पडला, तेही.) पुढे दगडी किल्ला उभा राहिला. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला, संभाजी महाराजांनी समुद्रात भर घालून बेटापर्यंत वाट काढण्याचा प्रयत्न केला, तरी जंजिरा पडला नाही. सिद्दींचे हे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. मुरुडजवळ खोकरी येथे सिद्दी राज्यकर्त्यांच्या घुमटदार कबरी आहेत.

सिद्दींना 'हबशी' असेही म्हणत. हबश म्हणजे आजचा इथिओपिया आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. त्या प्रदेशातून दख्खनमध्ये आलेला सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे मलिक अंबर. सुमारे १५४८ मध्ये त्याचा जन्म झाला, तेव्हाचे नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. लाल समुद्राकाठचे मोखा आणि पुढे बगदाद अशा बाजारांतून फिरत तो अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचला. त्याला विकत घेणारा चंगीजखान हाही मूळचा हबशीच आणि निजामशाहीचा पेशवा होता. चापूचा मलिक अंबर झाला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले, १६१० मध्ये खडकी वसविली, तीच पुढची औरंगाबाद आणि आजची छत्रपती संभाजीनगर. त्या शहरात त्याने नहरींनी पाणी खेळविले. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

मुलांना ही गोष्ट सांगताना 'गुलाम' हा शब्द घाईने ओलांडून जाऊ नये. माणसे विकली जात होती, आणि त्यांच्या बदल्यात काय दिले जात होते, हेही सांगण्याजोगे आहे. इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशात ज्या मालाला मोठी मागणी होती, त्यात हिंदुस्थानी सुती कापड प्रमुख होते. गुजरातच्या बंदरांतून निघालेले ताकेच्या ताके लाल समुद्रापर्यंत जात आणि परतीच्या मार्गावर सोने, हस्तिदंत आणि माणसे येत. कापडाच्या व्यापारात ज्या समाजाच्या पिढ्या गेल्या, त्याने हा ताळेबंद मुलांपासून लपविण्याचे कारण नाही. त्यातल्या कोणत्या ताक्याचा कोणाशी संबंध होता, हे आज कोणी सांगू शकत नाही. परंतु समुद्रापलीकडची माणसे इथे का आली, याचे उत्तर वाऱ्याइतकेच या व्यापारातही आहे.

आता मुलाच्या प्रश्नाचा दुसरा भाग. मलिक अंबर ज्या देशातून आला, त्याच देशात, अफार भागातील हदार येथे, १९७४ मध्ये डोनाल्ड जोहान्सन यांच्या चमूला एका स्त्रीचा सांगाडा मिळाला. सगळा नव्हे, सुमारे चाळीस टक्के. पण तेवढ्यावरून पुष्कळ कळले. तिची उंची साडेतीन फुटांच्या आसपास, म्हणजे होडीत बसलेल्या लहान मुलाएवढी. मेंदू लहान, पण ती दोन पायांवर सरळ उभी राहून चालत होती. जगाने तिला 'लूसी' म्हटले. इथिओपियात तिला 'दिनकिनेश' म्हणतात, त्याचा अर्थ 'तू अद्भुत आहेस' असा. तिचा काळ ३२ लाख वर्षांपूर्वीचा. आजच्या माणसासारखा माणूस त्यानंतर फार उशिरा आला. त्याचे आतापर्यंत मिळालेले सर्वांत जुने अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे असून तेही आफ्रिकेतच, मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथे सापडले.

साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वीच्या काळात या माणसांचे काही गट आफ्रिकेबाहेर पडले. आज आफ्रिकेबाहेर राहणारे सर्व लोक, मग ते मुरुडचे कोळी असोत, पालीचे ओसवाल असोत, लंडनचे इंग्रज असोत की टोकियोचे जपानी, मुख्यत्वे त्या लहानशा गटांचे वंशज आहेत. तेव्हा होडीतल्या मुलाला खरे उत्तर असे द्यावे लागते की सिद्दी आफ्रिकेतून आले आणि आपणही आफ्रिकेतूनच आलो. ते पाचशे वर्षांपूर्वी आले, आपण साठ हजार वर्षांपूर्वी निघालो. फरक निघण्याच्या वेळेचा आहे, आणि एवढाच की आपण स्वतःच्या पायांनी निघालो, त्यांतले बहुतेक बांधून आणले गेले.

लाख आणि हजार वर्षे मुलांच्या डोळ्यांसमोर उभी राहत नाहीत. मोठ्यांच्याही राहत नाहीत. त्यासाठी मुरुडची पुळण फार उपयोगी आहे. ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू लांबवर मोकळी होते. तिच्या एका टोकाला उभे राहावे आणि मुलाला सांगावे की तुझे एक पाऊल म्हणजे एक हजार वर्षे. आता मागे चालत जाऊ.

पणजोबा मारवाडातून निघाले ते अंतर पाऊल उचलण्याआधीच, अंगठ्याच्या लांबीत मावते. सिद्दी जंजिऱ्यावर आले ते अर्ध्या पावलावर. न्यूझीलंडमध्ये पहिला माणूस पोहोचला तेही पहिल्याच पावलात, ज्ञानेश्वरी लिहिली जात होती त्या सुमारास. मुलांना हे फार आवडते, कारण इतका मोठा देश इतका काळ रिकामा होता ही कल्पनाच त्यांना नवी असते. दोन पावलांच्या आसपास राजपुरीच्या खाडीवरची कुडे येथील बौद्ध लेणी खोदली गेली. त्यांतील ब्राह्मी लेखांत व्यापाऱ्यांच्या आणि माळ्याच्या दानाची नोंद आहे. अडीच पावलांवर भगवान महावीर. तीन पावलांच्या जरा पुढे पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे इनामगाव.

इनामगावापाशी थोडे थांबावे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे तेथे उत्खनन केले. हसमुख सांकलिया आणि मधुकर ढवळीकर ही त्यातील ठळक नावे. मातीची घरे, धान्याची पेवे, चुली, रंगविलेली भांडी, असे ताम्रपाषाण काळातले एक पूर्ण गावच मातीखालून वर आले. तेथे लहान मूल दगावले तर त्याला गावाबाहेर नेत नसत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत, त्यांत ते बाळ, आणि हे सारे घराच्या जमिनीखाली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बायकांची भाषा आज कोणाला येत नाही. पण ही मडकी पाहिल्यावर त्यांच्या मनात काय असेल, हे मुलालाही विचारावे लागत नाही.

पुढे दहा-अकरा पावलांवर शेतीचा आरंभ. पंधराच्या सुमारास माणूस अमेरिकेत पोहोचलेला होता. विसाव्या पावलाला मुलाला समुद्राकडे पाहायला लावावे. तो काळ हिमयुगाच्या कडाक्याचा. पृथ्वीवरचे पाणी मोठ्या प्रमाणावर बर्फात अडकलेले, त्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली. कोकणचा किनारा तेव्हा इथे नव्हता. पश्चिमेला कित्येक कोस दूर होता. आता ज्या खडकावर जंजिरा उभा आहे तो बेट नव्हता, जमिनीवरची एक टेकडी होती आणि तिच्याभोवती पायी फिरता येत होते. आफ्रिकेतून निघालेली माणसे अरबस्तानच्या आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्याने पुढे गेली असावीत, असे अनेक संशोधक मानतात. ती या बाजूने गेली असतील तर त्यांच्या चुलींची राख बहुधा आज मासळीच्या जाळ्यांखाली, समुद्रतळाशी आहे.

पन्नासाव्या पावलापर्यंत माणूस ऑस्ट्रेलियात पोहोचलेला असतो. साठ-सत्तर पावलांवर तो आफ्रिकेच्या दारात आहे. तीनशे पावलांवर आपल्यासारख्या माणसाचा आरंभ. बहुतेक मुले इथे दमतात. ज्यांना दम असेल त्यांनी ३,२०० व्या पावलापर्यंत जावे, तिथे लूसी आहे. आणि आणखी चारशे पावलांवर, टांझानियातील लाएटोली येथे, ज्वालामुखीची ओली राख पडलेली आहे आणि तिच्यावरून काहीजण दोन पायांवर चालत गेले आहेत. राख घट्ट झाली, पावले राहिली. मेरी लीकी यांच्या चमूने १९७८ मध्ये ती उघडी केली. अंगठा, टाच, मधला खळगा, सारे आपल्यासारखे. लहान मुलाच्या पावलाने ही सारी चाल दीड-दोन किलोमीटरची होते, आणि शेवटी मागे वळून पाहिले तर ओल्या वाळूत त्याच्या स्वतःच्या पावलांची रांग दिसते.

चालता चालता "मग आपण माकडापासून झालो का?" हा प्रश्न येणारच. त्याला पेढीच्या भाषेत उत्तर देणे सोपे आहे. दोन भावांच्या वाटण्या झाल्या, दोन दुकाने निराळी झाली, तर एक दुकान दुसऱ्यातून निघाले असे कोणी म्हणत नाही. दोन्हींचा आजा एक होता, असे म्हणतात. आजचा चिंपांझी हा माणसाचा पूर्वज नव्हे. तो फार दूरचा चुलतभाऊ. ही वाटणी साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीची.

दुसरा प्रश्न जैन घरात विशेषकरून येतो आणि तो टाळला जातो. ती माणसे मांस खात होती का? खात होती. शिकार करीत होती, कंदमुळे उकरीत होती, फळे वेचीत होती, मिळेल त्यावर जगत होती. हे मुलाला सरळ सांगावे. अहिंसा आदिमानवाकडून वारशाने आलेली नाही; माणसांनी ती फार पुढे विचारपूर्वक स्वीकारली आणि तिच्यासाठी खाण्यापिण्याचे, धंद्याचे नियम स्वतःवर घालून घेतले. मुलाला हे कळले तर पाठशाळेतला नियम त्याला अधिक मोलाचा वाटण्याचा संभव आहे.

पाठशाळेचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट. तेथे मुलाने ऐकलेले असते की कल्पवृक्षांचा काळ संपल्यावर भगवान ऋषभदेवांनी लोकांना असि, मषि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली. शाळेत ते ऐकते की शेती पश्चिम आशियात आणि अन्यत्र दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. मूल गोंधळते. मोठ्यांनी यातली एक गोष्ट खोटी ठरविण्याचा आटापिटा करू नये, आणि दोन्हींची ओढूनताणून जुळवणीही करू नये. 'सारे विज्ञान आमच्या ग्रंथांत आधीच होते' या वाक्याने ग्रंथांचा मान वाढत नाही. पुराणाचा प्रश्न वेगळा आहे, हाडे आणि राख यांचा प्रश्न वेगळा. पुराण विचारते की माणसाने कसे जगावे; उत्खनन विचारते की तो कसा जगला. नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात मनुष्यजाती एकच आहे आणि तिच्यातले भेद उपजीविकेच्या भेदामुळे पडले, असे सांगितले. तो जीवशास्त्राचा सिद्धांत नव्हता, उपदेश होता. आज कोणत्याही दोन माणसांच्या डीएनएमधील सुमारे ९९.९ टक्के भाग सारखाच असल्याचे आढळते. मुलाला दोन्ही सांगावीत, आणि कोणते कोठून आले तेही सांगावे.

जंजिऱ्याच्या होडीत किंवा मुरुडच्या बाजारात एखादे मूल कोणाच्या काळ्या रंगाबद्दल मोठ्याने बोलते आणि घरची मंडळी संकोचतात. त्वचेचा रंग हा उन्हाचा हिशेब आहे. कडक उन्हाच्या प्रदेशात गडद त्वचा शरीराचे रक्षण करते. जिथे ऊन कमी, तिथे फिकट त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करणे सोपे जाते. आफ्रिकेतून निघालेले आपले पूर्वज सावळे-काळेच होते, आणि युरोपातही फिकट रंग सर्वत्र पसरला तो गेल्या काही हजार वर्षांत, म्हणजे पुळणीवरच्या शेवटच्या थोड्या पावलांत. मुलाला हे एवढे पुरते. समाजाच्या मुखपत्रांतील विवाहविषयक जाहिरातींत 'गोरा वर्ण' हे शब्द अजून येतात, ते त्याच मुलाने उद्या वाचले तर काय सांगावे, हा प्रश्न मात्र मोठ्यांचा आहे.

माणसांबरोबर धान्ये, शब्द, देव आणि चवीही हिंडल्या. त्याचा धडा किराणा दुकानात सर्वांत उत्तम देता येतो, आणि या बाबतीत व्यापाऱ्यांच्या मुलांइतके भाग्यवान कोणी नाही. दुकानातली पोती एकेक करून उघडावीत. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही तीनही धान्ये मूळची आफ्रिकेतील, चवळीही तिथलीच. ती सिद्दींच्या कितीतरी शतके आधी इथे पोहोचली. खानदेशातली भाकरी आणि कोकणातले नाचणीचे सत्त्व आफ्रिकेचे ऋण वाहतात, हे ऐकून मुले हसतात आणि मग पोत्यात हात घालून पाहतात. गहू पश्चिम आशियातला. मिरची, मका, शेंगदाणा आणि काजू अमेरिकेतले, ते पोर्तुगिजांच्या काळात आले. पेरूच्या तर नावातच दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाचे नाव ऐकू येते. जैन स्वयंपाकघरात ज्याला थारा नाही तो बटाटाही अमेरिकेतलाच. कंदमुळांचा नियम झाला तेव्हा तो इथे नव्हता, आल्यावर त्याला नियम लागू झाला. मुरुड-श्रीवर्धनच्या वाड्यांचे वैभव असलेली सुपारी आग्नेय आशियातील. आणि इथून बाहेर काय गेले? तीळ, मूग, तूर, काळी मिरी. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी झालेले आहे. वही एका रकान्याची नाही.

मुरुडला येताना अलिबागवरून यावे, हे त्यासाठीच सुचवावेसे वाटते. हा रस्ता सुमारे पन्नास किलोमीटरचा. घाईत तो दीड-दोन तासांत संपतो, पण मुलांना घेऊन आल्यास दिवसही पुरत नाही. वाटेत चौल. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक दर्यावर्दींना ठाऊक असलेले हे बंदर. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी हा अरब प्रवासी इथे येऊन गेला. त्याने येथे वसलेल्या हजारो मुसलमानांविषयी, आणि त्यांच्या इथेच जन्मलेल्या मुलाबाळांविषयी लिहिले. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियातला व्यापारी घोडा विकण्याच्या आशेने याच बंदरात उतरला. शेजारी रेवदंड्याला बेने इस्रायल समाजाचे प्रार्थनास्थळ आहे. आपले पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्या समाजाची परंपरा. ते तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. त्यांनी मराठी उचलली, आडनावे गावांवरून घेतली, आणि शब्बाथ सोडला नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्या वंशात पश्चिम आशियातील ज्यू आणि भारतीय असे दोन्ही धागे दिसले. गावकऱ्यांनी शनिवारावरून जे ताडले होते, त्याला प्रयोगशाळेने दुजोरा दिला म्हणावयाचे.

रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. तेथील ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून जन्मलेली एक बोली बोलली जाते. बोलणारे तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, लिस्बनशी संबंध उरला नाही, तरी ती बोली घरात टिकली. 'चावी', 'साबण', 'पगार', 'पाव' हे शब्द सर्व मराठी माणसे वापरतात, पण ते कोणाकडून आले हे कोर्लईला ऐकले म्हणजे कानाला पटते. पुढे काशीद, मग नांदगाव, आणि मुरुड.

समुद्राच्या या रस्त्याने एकाच बाजूने माणसे आली असे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हालार भागातील ओसवाल कुटुंबे मोंबासाला उतरली, आत नैरोबीपर्यंत गेली, दुकाने थाटली. जगण्यासाठी गाव सोडले, आणि ज्या भूमीतून साठ हजार वर्षांपूर्वी पूर्वज निघाले होते, नेमके तिथेच जाऊन किराणा आणि कापड विकू लागले. मोंबासात त्यांनी १९६३ मध्ये शिखरबंदी देरासर बांधले. आजही अनेक घरांत एखादी आत्या किंवा मामा नैरोबीचा असतो, आणि सुटीत मुले तिकडे जातात तेव्हा त्यांना सिंह दाखवायला नेले जाते. सिंह पाहावेतच. परंतु नैरोबीच्या राष्ट्रीय संग्रहालयालाही एक दुपार द्यावी. तुर्काना सरोवराजवळ १९८४ मध्ये कामोया किमेऊ या केनियन शोधकाला एका मुलाच्या सांगाड्याचा पहिला तुकडा दिसला; पुढे जवळजवळ सगळा सांगाडा मिळाला. सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीचा तो मुलगा, दातांवरून पाहता जेमतेम आठ-दहा वर्षांचा. जंजिऱ्याच्या होडीत प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्याच वयाचा.

राजपुरीच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. समुद्र शांत झाल्यावर, साधारण दिवाळीच्या आसपास, त्या पुन्हा नियमित सुरू होतात. किल्ला सकाळी पाहावा आणि पुळणीवरची पावले मोजण्यासाठी ओहोटीची वेळ आधी एखाद्या कोळ्याला विचारून ठेवावी, कारण भरती आली की लूसीपर्यंत पोहोचता येत नाही.